कूलरजवळची चप्पल

ओल्या वाळ्याचा वास आला की मला मनीषनगरमधलं बहिणीचं घर आठवतं. मेव्हण्यांनी कूलरला नवा वाळा बसवला होता आणि शेजारी रबरी चप्पल ठेवली होती. ती कशाला, असं विचारल्यावर ते हसले. "पत्र्याले थोडासा करंट येते. चप्पल घालून पाणी टाकलं का काही होत नाही." मी टेस्टर लावला, तर तो पेटला. मग एकेक सॉकेट उघडून पाहिलं. एकातही अर्थिंगची तार नव्हती. "आजच वायरमन बोलवा," मी म्हणालो. "काहून भेऊन राहिले साळेबुवा? रविवारी बोलवतो ना!" तेवढ्यात त्यांची आई पूजा आटोपून, ओल्या पायांनी, कूलरपाशी आली. "माय, चप्पल घाल वं!" "आताच देवाजवळून उठली मी. चप्पल कशी घालू?" मी प्लग काढून ठेवला. पण नागपुरातलं ऊन. मी गेल्यावर तो पुन्हा लागला. शनिवारी सकाळी बहिणीचा फोन आला. सासूबाई पूजेनंतर कूलरमध्ये पाणी टाकायला गेल्या होत्या. मी पोचलो तेव्हा खोलीभर पाणी सांडलेलं होतं आणि चप्पल भिंतीला टेकून नीट उभी होती. माझ्या घरचं अर्थिंग मी दर उन्हाळ्यात तपासून घेतो. तरीही कूलर सुरू झाला की आधी सगळ्यांच्या पायांकडे पाहतो.