आईच्या खांद्यावरचा हात

माझ्या मेलेल्या आईकडे बघून लोक हसत होते.

भिंतभर स्क्रीन आणि त्यावर माझी आई. दोन पुरुष उंचीची. सोनेरी चौकट, खाली मेणबत्ती, मागे निळं आकाश. आणि तिच्या उजव्या खांद्यावर एक हात. नुसता हात. मनगटाच्या मागे माणूसच नाही. समोर उभं राहून कुणी हात हलवला की वरच्या कॅमेऱ्याला ते दिसायचं, आणि आईच्या खांद्यावरचा तो हात उचलून टाटा करायचा. लोक त्यासाठी रांग लावून उभे होते. एका बाईने मुलाला कडेवर घेतलं आणि म्हणाली, "से बाय टू आंटी." मूल खिदळलं. मग सगळेच हसले.

मी दाराशी. बगलेत बोर्डावर चिकटवायच्या विनाईलची गुंडाळी, मनगटावर पिवळा कागदी पट्टा. बघायला येणाऱ्यांना निळा पट्टा, कामाला येणाऱ्यांना पिवळा. गेटवरचा म्हणाला होता, "पीलेवाले पीछे से." मी मागच्या दाराने आत आले. त्यामुळे मला आधी हसणारी तोंडं दिसली, आई नंतर.

हा फेस्टिव्हल दरवर्षी भरतो. परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारात. कॉम्प्युटरवर केलेली चित्रं, इंटरनेटवरून गोळा केलेल्या गमती, काय काय. गिरणी कधीच गेली, चिमणी तेवढी शोभेला ठेवलीय. त्यांचे बोर्ड आमच्या लालबागच्या दुकानात छापले जातात. त्या दिवशी एका बोर्डाचा कोपरा सुटला म्हणून फोन आला. बोर्ड लावणारा फिटर गावाला गेलेला. मीच निघाले.

मी बॅनर करते. सोळा वर्षं झाली. वाढदिवस, जयंती, दहावीचे गुणवंत, अमुक भाऊंची तमुकपदी निवड. मंडळाचे पन्नास शुभेच्छुक एका बॅनरवर बसवायचे आणि कुणाचंच डोकं दुसऱ्यापेक्षा लहान दिसता कामा नये. दिसलं की संध्याकाळी दुकानात भांडण. "ताई, माझा फोटो जरा मोठा कर ना, गोरा पण कर." करते. नाक्यावर उभी राहिले तर चारी बाजूंना माझंच काम असतं. त्यावर सगळ्या गल्लीची नावं असतात. करणारणीचं नाव नसतं, आणि कधी कुणी विचारलंही नाही.

आई परळच्या एका हॉस्पिटलात आया होती. ती गेली तेव्हा तिचा बॅनर मी केला. दुसऱ्या कुणाला करू दिला नसता. पण तिचा एकटीचा फोटोच नव्हता. कामाच्या ओळखपत्रावर एक होता, त्यात ती घाबरलेली. माझगावला मावसभावाच्या लग्नात काढलेल्या एका फोटोत तेवढी हसली होती, आणि शेजारी बाबा, तिच्या खांद्यावर हात टाकून.

आता, आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात शिकवतात. गेलेल्याच्या चौकटीत जिवंत माणूस घ्यायचा नाही. आम्ही शुभ-अशुभ मानत नाही, पण हे पाळतो. जिवंत माणसाला तिथे बघून घरचेच हबकतात. म्हणून मी बाबांना कापायला घेतलं. बाबा शेजारच्या स्टुलावर बसून बघत होते. आधी त्यांचा चेहरा गेला, मग सदरा. हातापाशी आले तेव्हा ते म्हणाले, "तेवढा राहू दे."

मी म्हटलं, "बाबा, लोक हसतील."

"हसू देत."

मी हात ठेवला. एकेक बोट नीट सोडवून घेतलं. नायगावच्या आमच्या बीडीडी चाळीच्या तोंडाशी तो बॅनर लागला. वर तथागतांची मूर्ती, खाली जलदान विधी व पुण्यानुमोदनाची वेळ. कुणी हसलं नाही. शेजारची काकी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हात तुझ्या बापाचा ना गं?" बस. चाळीला तो हात कुणाचा ते माहीत होतं. आता चाळ पाडायला घेतलीय. मी आणि बाबा शीवला भाड्याच्या खोलीत.

कुणीतरी त्या बॅनरचा फोटो काढून इंटरनेटवर टाकला असणार. तिथून तो इथवर आला.

स्क्रीनच्या बाजूला बोर्ड होता. "चुकांचं शहर. अनाम रस्ता-कारागिरांच्या चुकांचा जिवंत संग्रह." दोन दिवसांपूर्वी तो बोर्ड मीच केला होता. मीच टाईप केला, मीच मशीनवर कापला, जेवणाच्या सुट्टीआधी संपवायचा म्हणून. अक्षरांमधलं अंतर तपासलं होतं. अर्थ वाचलाच नव्हता. मला माझी लाज वाटली. खरंच वाटली.

तिथे फेस्टिव्हलच्या मॅडम होत्या. दादरच्या, हातमागाची साडी, गळ्यात चांदीचं मोठं काहीतरी. मी त्यांना सांगितलं, "ही माझी आई आहे. बॅनर मी केलाय. बंद करा."

"ओह," त्या म्हणाल्या. मग, "वॉव." आणि त्यांनी आर्टिस्टला हाक मारली.

तो पंचविशीचा. आडनाव विचारावं लागू नये असं मराठी बोलणारा. त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे ओरिजिनल तुमचं? काय भारी योग आहे! मला सांगा ना, तो हात कापायचा कसा राहिला?"

"राहिला नाही. ठेवला."

"नाही, म्हणजे चूकच ना ती. पण तीच तर ब्यूटी आहे. तुमच्या लोकांना हे जे आपोआप जमतं ना, ते आम्हाला ठरवून नाही जमत."

तुमच्या लोकांना. आपोआप. सोळा वर्षांची माझी पाठ, माझे डोळे. आपोआप.

मी परत म्हटलं, बंद करा. तो म्हणाला, अजून तीन दिवस आहेत, मधेच कसं बंद करणार? आणि बॅनर रस्त्यावर लावलेला होता ना, मग तो सगळ्यांचाच झाला. मॅडमनी मला हळूच बाजूला घेतलं. आवाज गोड. "आपण तुमचं नाव टाकू ना बोर्डवर. उद्या सहाला चर्चा आहे, त्यात तुम्ही बसा. तुमच्या कम्युनिटीतून आमच्याकडे कुणीच नव्हतं. फक्त येताना अशाच या. याच कपड्यांत."

माझ्या ड्रेसवर शाईचे डाग होते.

खोटं कशाला बोलू? एक क्षण मला ते हवं झालं. नाव. भिंतीवर, मोठ्या अक्षरात, माझं. सोळा वर्षांची भूक होती ती. मी "बघते" म्हणणार होते. शब्द ओठांपर्यंत आला होता.

तेवढ्यात मागे पुन्हा हशा झाला. एक तरुण दोन्ही हात हलवत होता, आणि बाबांचा हात आईच्या खांद्यावर वेड्यासारखा फडफडत होता.

मी रांग मोडून पुढे गेले. स्क्रीनकडे पाठ करून उभी राहिले. आईचा उजेड माझ्या अंगावर. मी म्हटलं, "हा खेळ नाही. ही माझी आई आहे. तो हात माझ्या बापाचा आहे. तो जिवंत आहे. टाटा करणं थांबवा."

टाळ्या झाल्या. जोरात, मनापासून. त्यांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग. मोबाईल वर गेले. कुणीतरी म्हणालं, "सो पॉवरफुल."

आई गेली त्या दिवशीसुद्धा मला इतकं एकटं वाटलं नव्हतं. त्या दिवशी चाळ होती. इथे भरल्या खोलीत माझं बोलणं कुणाला बोलणं वाटलंच नाही. मी रडले असते तरी त्यांनी टाळ्याच वाजवल्या असत्या. म्हणून मी रडले नाही.

बाजूला त्यांचं स्टूल होतं. मी त्यावर चढले. गुंडाळीतून वीतभर काळं विनाईल फाडलं, मागचा कागद सोलला आणि कॅमेऱ्यावर चिकटवलं. हवेचा एक फुगा न राहता बसवलं, सवयीने. स्क्रीनवरचा हात थांबला. आईच्या खांद्यावर परत जाऊन बसला. मग मी उतरले आणि जमिनीवर बसले.

"आता हे बंद होईपर्यंत मी इथेच."

आर्टिस्ट म्हणाला, "ताई, तुम्ही माझं वर्क डॅमेज करताय." मॅडम म्हणाल्या, "समजून घ्या ना जरा." गार्ड आला, "चलो ना बहनजी, मेरी नौकरी का सवाल है." त्याच्याकडे बघवेना, पण उठले नाही. लोक थोडा वेळ थांबले. पुढे काहीच घडेना तेव्हा दुसऱ्या दालनात गेले. मी आणि आई, दोघीच उरलो. अर्ध्या तासाने कुणीतरी मागून वायर काढली. दारावर कागद लागला, "तांत्रिक बिघाड."

बिघाड. माझं नाव त्यांनी शेवटी तेच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुकानाचे शेठ म्हणाले, "कशाला नादी लागलीस? गिऱ्हाईक तोडलंस ना." बाबांना मी काहीच सांगितलं नाही. त्यांनी "हसू देत" म्हटलं होतं, पण ते चाळीच्या भरवशावर.

त्या दालनात आई एकटी नव्हती. बाजूच्या छोट्या स्क्रीनवर आळीपाळीने दुसरे बॅनर यायचे, आणि बसल्या बसल्या त्यातले आमच्या दुकानातले सात मी ओळखले. चार लालबागचे, तीन नायगावचे. सगळी गेलेली माणसं. घरच्यांना सांगावं म्हणून मी त्या घरांचे पत्ते काढले. पहिल्या घरी गेले. मुलाने ऐकून घेतलं आणि मोबाईलमधून मान वर न करता म्हणाला, "जाऊ दे ना ताई. फुकटात फेमस झाला म्हातारा." मी पाणी प्यायले आणि निघाले. दुसऱ्या घराला कुलूप होतं. तिसऱ्या घरातल्या बाईने दार अर्धंच उघडलं.

अजून चार घरं आहेत. मी जाणार आहे. कुणी सोबत आलं तर ठीक, नाही आलं तर एकटी. पुढच्या वर्षी तो फेस्टिव्हल भरेल तेव्हा मी पहिल्या दिवशी पुढच्या गेटवर उभी असेन. नाव मागायला नाही, चर्चेला बसायला नाही. एकच सांगायला. आमची माणसं हवीत, तर आमच्या घरी या. दार वाजवा. बाहेर थांबा. उघडायचं की नाही, ते आम्ही ठरवू.