गुडघ्यापर्यंतचा स्कर्ट

पलंगावर टाकलेला काळा स्कर्ट बघून आईचा चेहराच उतरला. त्या संध्याकाळी अंधेरीला मैदानावर माझ्या आवडत्या बँडचा कार्यक्रम होता. धाकटी बहीण आणि मी निघालो होतो.

लहानपणी पोलिओ झाला तेव्हापासून माझ्या डाव्या पायाला कॅलिपर आहे. मांडीपासून बुटापर्यंत दोन्ही बाजूंना स्टीलच्या सळ्या, त्यांना चामड्याचे पट्टे, गुडघा ताठ ठेवायला लॉक. शाळेपासून आजवर आईने मला पाय झाकतील असेच कपडे घालायला लावले. हा स्कर्ट गुडघ्याशीच संपत होता.

"ती मोरपिशी साडी नेस ना," आई म्हणाली.

"मैदानात? मागे एका लग्नात निऱ्या लॉकमध्ये अडकून टरकन फाटल्या, विसरलीस?"

"मग पँट घाल."

"आत घाम येतो गं. पट्टे घासून पाय सोलून निघतो."

"अगो, पण बघणारे काय म्हणतले?" आई चिडली की तिची मालवणी बाहेर येते.

"बघू देत. तिकीट माझं मी काढलंय."

बहीण हसली. आई मात्र पाठ फिरवून म्हणाली, "कोणी तुला बोलू नये म्हणून इतकी वर्षं जपलं मी." मला वाईट वाटलं. तरी मी स्कर्टच घातला.

गेटवर बायकांच्या रांगेत तपासणीचं यंत्र माझ्याजवळ येताच कोकललं. गार्डबाईने सवयीने पडद्याकडे बोट केलं. मॉलमध्ये कितीदा तरी अशाच पडद्याआड साडी वर धरून उभी राहिलेय मी, जणू काही चोरून नेत होते.

"पडदा कशाला? सगळं समोरच आहे. इथेच बघा," मी म्हणाले.

ती वाकली, पट्टे चाचपून पाहिले आणि म्हणाली, "जा ताई."

मागून कोणीतरी मैत्रिणीला म्हणालं, "बिच्चारी!"

मी वळले. "बिच्चारी कोण? मी आत चाललेय, तुम्ही अजून लायनीत आहात."

आत कठड्याला टेकून गुडघा लॉक केला आणि शेवटपर्यंत उभी राहिले. ड्रमचा ठोका पडला की सळ्या थरथरायच्या आणि ती थरथर कमरेपर्यंत चढायची. बहिणीला सांगितलं तर ती ओरडली, "यार, मला का नाही असं होत!" लोक बघत होते. मीही त्यांच्याकडे बघत होते.

तिने काढलेला माझा डोक्यापासून बुटापर्यंतचा फोटो मी घरच्यांच्या ग्रुपवर टाकला. मावशीने लिहिलं, 'साडी शोभली असती.' मग लगेच आईचा फोन.

"काढून टाक तो फोटो."

"नाही काढणार."

आई बरेच दिवस माझ्याशी धड बोलली नाही. ते टोचायचं मला. पण फोटो तिथेच आहे, आणि आता मी ऑफिसलाही पाय उघडे ठेवूनच जाते.