पुस्तक झेपेल, असं मी सांगितलं

माझी मुलगी नर्स आहे. मुरबाडच्या एका खासगी रुग्णालयात तिची तीन वर्षं झाली होती, तेव्हा तिची इंग्लंडच्या एका रुग्णालयासाठी निवड झाली. एजंटने चौदा मुलींची बॅच लावली होती. अट एकच, इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल एप्रिलअखेर हातात हवा. ऐकणं, वाचणं, बोलणं या तिन्हींत सात गुण; लिहिण्यात साडेसहा चालतील. निकाल नसेल तर जागा दुसऱ्या मुलीला.

हे कळलं तेव्हा नोव्हेंबर अर्धा उलटला होता. दर रविवारी जीपने कल्याणला जाऊन ती क्लास करायला लागली. क्लासमध्ये दोन पुस्तकं होती. मधल्या पायरीचं पुस्तक सहा महिन्यांचं होतं. ते घेतलं की एप्रिल हुकलाच. वरच्या पायरीचं थेट घेतलं तर मार्चच्या शेवटी परीक्षेला बसता येत होतं. सर म्हणाले, "महिनाभर हे वरचं नेऊन बघा. झेपतंय का ते तुम्हीच ठरवा." एका खोलीत चाळीस मुलं. ते एकेकीचं काय बघणार?

तिने ते पुस्तक आणून माझ्यासमोर ठेवलं. मी तांदूळ निवडत होते.

"आई, तू सांग. झेपंल का मला?"

"मी काय सांगू? माझं बारावीचं इंग्रजी. तेही तुझ्या जन्माच्या आधीचं."

"म्हणून तर. सरांना फी पायजे, ते हो म्हणतील. पप्पांना मी जायलाच नको, ते नाय म्हणतील. तू खोटं वजन लिहीत नायस."

मी अंगणवाडी सेविका आहे. दर महिन्याला सहा वर्षांच्या आतल्या प्रत्येक मुलाचं वजन करायचं आणि वाढीच्या तक्त्यावर ठिपका द्यायचा, हे काम मी एकोणीस वर्षं करते आहे. ठिपका तांबड्या पट्ट्यात पडला की वरून विचारणा होते. त्यामुळे "नऊ सातशेचे दहा करा ना बाई, तीनशे ग्रॅमनी काय होतंय" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. मी केले नाहीत. गावात मला हेकट म्हणतात, ते माझ्या कानावर आहे. मुलीने मात्र त्याच गोष्टीवर भरवसा ठेवला होता.

मग मी माझ्या पद्धतीने पुस्तक मोजायला घेतलं. दहावं, पन्नासावं, नव्वदावं, एकशे तिसावं आणि एकशे सत्तरावं पान घ्यायचं. आपल्याला बरं वाटेल ते पान निवडायचं नाही. ती मोठ्याने वाचणार, मी शब्दावर बोट ठेवणार, तिने मराठी अर्थ सांगायचा. नाही आला, की शब्दाखाली पेन्सिलीचा ठिपका. तिने अंदाजाने सांगितलेला अर्थ मी शब्दकोशात बघून घेत होते.

आमचे मिस्टर भातसानगरला धरणावर कामाला आहेत. ते ड्यूटीवरून आले, चपला काढता काढता आमच्याकडे बघत राहिले.

"काट्याला टांगा की ते पुस्तक. किती भरतंय ते तरी कळंल."

"पप्पा, तुमी चहा घ्या नि गप बसा."

"बसतो. तू इंग्लंडला गेलीस की गपच बसायचंय मला."

पाच पानांवर मिळून एकशे सत्तर ठिपके पडले. पानाला चौतीस. एका पानात साडेतीनशेच्या आसपास शब्द होते, म्हणजे जवळजवळ दर दहावा शब्द तिला येत नव्हता. मी म्हटलं, हे आत्ता जड आहे. शब्द पाठ कर, महिन्याने दुसरी पाच पानं मोजू.

तिने शब्द पाठ केले. मुरबाडच्या एसटीत, रुग्णालयात सलाइन संपायची वाट बघताना, भाकऱ्या थापताना. महिन्याने मोजलं तर साठ ठिपके. पानाला बारा. मी चौकटीच्या कागदावर दोन्ही ठिपके दिले, रेघ हळूहळू सपाट करत पुढे ओढली. मार्चपर्यंत ती पानाला दोन-तीन शब्दांवर येत होती.

"झेपेल," मी म्हणाले. "हेच घे."

तिने त्याच आठवड्यात परीक्षेचा फॉर्म भरला. जानेवारीत पानाला सहा आले, फेब्रुवारीत चार. रेघ मी काढली होती तशीच चालली होती. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला स्वतःचं कौतुक वाटत होतं.

मार्चमध्ये परीक्षेला दहा दिवस उरले होते. एका दुपारी अंगणवाडी बंद करून मी घरी आले. ती ड्यूटीवर होती, पुस्तक टेबलावर होतं. पुस्तकाच्या शेवटी उत्तरांची पानं होती. मुलं बघून लिहितात म्हणून क्लासच्या सरांनी सगळ्यांच्या पुस्तकातली ती पानं स्टेपल करून बंद केली होती. मार्चमध्ये दोन रविवारी वर्गात एकत्र तपासणार होते. त्या दोन्ही रविवारी हिला सुट्टी मिळाली नाही, आणि पानं बंदच राहिली.

तिने पेन्सिलीने उत्तरांवर खुणा केल्या होत्या. मला वाटलं, शेवटचा आकडा काढावा. सुरीच्या टोकाने मी तीन पिना उचकटल्या आणि तपासत बसले.

शब्दांच्या प्रश्नांत चव्वेचाळीसपैकी एकेचाळीस बरोबर होते.

उतारे वाचून उत्तरं द्यायचे तीस प्रश्न होते. त्यांतले अकरा बरोबर. मी पुन्हा मोजले. अकराच. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय होते. डोळे मिटून खुणा केल्या असत्या तरी सात-आठ बरोबर आले असते.

एक उतारा अजून आठवतो. एका बाईने हॉटेलच्या मॅनेजरला लिहिलेलं पत्र. खोली मिळेपर्यंत आम्हाला चार तास तुमच्या सुंदर व्हरांड्यात बसायला मिळालं, मुलांना धीर म्हणजे काय ते या वयात शिकता आलं, तुमच्या हॉटेलबद्दल मी माझ्या सगळ्या मैत्रिणींना नक्की सांगणार आहे, असा मजकूर. बाईने हे पत्र कशासाठी लिहिलं, असा प्रश्न होता. मुलीची खूण 'आभार मानण्यासाठी' या पर्यायावर होती. मी उत्तर बघण्याआधी स्वतः वाचलं होतं, आणि मलाही तेच वाटलं होतं. खरं उत्तर होतं, तक्रार करण्यासाठी.

मी ते पत्र आणखी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा कळलं, आणि रिकाम्या घरात मला हसू फुटलं. मग थांबलं. त्या पानावर एकही ठिपका नव्हता. सगळे शब्द तिला येत होते, मलाही येत होते. आमच्या घरात टोमण्याशिवाय दिवस जात नाही. भाकरी करपली तर मिस्टर म्हणतात, "आज काय बेकरी उघडलीय वाटतं," आणि त्याचा अर्थ आम्हा दोघींना कुणी समजवावा लागत नाही. पण त्या बाईचा टोमणा आम्हाला ओळखता आला नाही. इंग्रजीत लिहिलेलं म्हणजे खरं आणि सभ्यच असणार, असं आम्ही शाळेपासून धरून चाललो होतो. इंग्रजीत कुणी आभार मानले, की ते आभारच.

काही मुलांचं वजन काट्यावर बरं भरतं, पण ते पाणी असतं, अंगावरची सूज. म्हणून आम्ही पायावर अंगठा दाबून बघतो. खड्डा राहिला तर वजन कितीही असो, मूल आजारी धरायचं. हे मी नव्या सेविकांना शिकवते. पुस्तकाच्या बाबतीत मी फक्त काटा वाचला. एकदाही तिला विचारलं नाही, की हा माणूस रागावलाय की खूश आहे, त्याला नक्की काय म्हणायचंय. विचारलं असतं तरी तिचं उत्तर तपासायला माझ्याकडे काही नव्हतं. पुस्तक किती अवघड आहे, हे ठरवणारीलाच ते समजत नव्हतं.

आता पुढचं लिहिते. परीक्षेची तारीख बदलायला आणखी दोन दिवस होते. पुढची परीक्षा एप्रिलच्या मध्यावर होती आणि तिचा निकाल एप्रिलअखेरच्या आत कसाबसा हातात पडला असता. मी त्या संध्याकाळी सांगितलं असतं, तर तिला तीन आठवडे जास्त मिळाले असते. सर काही दाखवू शकले असते.

मी पिना पुन्हा त्याच भोकांत घातल्या आणि नखाने दाबून वाकवल्या.

चार महिन्यांत जमलं नाही ते तीन आठवड्यांत काय जमणार, असं मी मनाशी म्हटलं. ती आता कुठे नीट झोपायला लागली आहे, तिचा धीर खचेल, असंही म्हटलं. दोन्हींत थोडं थोडं खरं होतं. पण दोन्ही कारणं मला नंतर सुचली. आधी मनात आलं ते हे, की झेपेल असा आकडा मी दिला होता आणि तो खोटा होता, हे तिच्या तोंडावर सांगावं लागेल.

ती संध्याकाळी आली. मी जेवायला वाढलं. ती म्हणाली, "आई, काल एकच शब्द अडला गो. एका पानात एक!"

"बरं झालं," मी म्हणाले.

दहा दिवस असे गेले. परीक्षेच्या दिवशी बुद्धवंदना घेऊन ती सकाळी सहाच्या जीपने निघाली. मिस्टर तिला रस्त्यापर्यंत सोडायला गेले, एरवी ते जात नाहीत.

निकाल मोबाईलवर आला. ऐकणं सात, बोलणं सात, लिहिणं साडेसहा, वाचणं साडेपाच. तिने स्क्रीन माझ्याकडे केला आणि म्हणाली, "वाचणं कसं काय? वाचण्यात तर मला सगळे शब्द येत होते." पुढच्या परीक्षेला तोवर जागा उरली नव्हती. एजंटला फोन केला. तो म्हणाला, "पुढच्या बॅचला बघू मॅडम," आणि आणखी दोन-तीन वाक्यं बोलला, पण त्यात तारीख नव्हती.

चार दिवसांनी तिने स्वतःच उत्तरांची पानं उघडायला घेतली. मी ओट्याशी होते. पाणी घ्यायला वळले. तिच्या हातावर तीन पिना होत्या, आणि ती त्या बघत होती.

"या मशीनने मारलेल्या नायत," ती म्हणाली. "हाताने वाकवल्यात. कोणी उघडलं होतं?"

खोटं बोलायला जागा होती. मिस्टरांचं नाव घेता आलं असतं, सरांचंही. मी सांगितलं. कधी, किती वाजता, तीसपैकी किती.

"तारीख बदलायला किती दिवस होते तेव्हा?"

"दोन."

मी तिच्या ओरडण्याची वाट बघत होते. तिने पिना टेबलावर ठेवल्या.

"नापास मी झाले, आई. ते माझं हाय. पण तू दहा दिवस मला वाढत होतीस. मी सांगत होते एकच शब्द अडला, नि तू बरं झालं म्हणत होतीस."

मिस्टर बाहेरून आत आले. काहीतरी चेष्टा त्यांच्या तोंडावर आली असावी, पण आमची तोंडं बघून ते पुन्हा बाहेर गेले.

बाकीच्या तेरा जणी जूनमध्ये गेल्या. चौदाव्या जागी गेलेली मुलगी आटगावची आहे. विमानतळावरच्या फोटोत ती सगळ्यांत पुढे उभी आहे. तो फोटो मुलीने मला दाखवला नाही, मिस्टरांनी दाखवला. ऑगस्टमध्ये तिने मुरबाडची नोकरी सोडली आणि कल्याणच्या एका रुग्णालयात लागली. तिथे दोन मुलींबरोबर खोली घेऊन राहते. येण्याजाण्यात वेळ जातो, हे कारण तिने सांगितलं, आणि ते खोटं नाही.

पंधरा दिवसांनी सुट्टीला येते. आता तिने मधल्या पायरीचं पुस्तक घेतलं आहे. मागच्या वेळी जेवण झाल्यावर ती ते घेऊन बसली होती. एक उतारा वाचून तिने प्रश्न सोडवले आणि मागची पानं उघडून आपले आपणच तपासले. मी भांडी पुसत होते.

"किती आले?" मी विचारलं.

"आले बरे," ती म्हणाली, आणि पान उलटलं.

मी पुन्हा विचारलं नाही. भांडी जागेवर लावली आणि तिला अभ्यासाला खोली मोकळी पाहिजे म्हणून बाहेर येऊन बसले.