सत्यवतीबाईंच्या टाइमटेबलाचं कुलूप

सत्याऐंशी सालच्या मे महिन्यात नागपुरात कुत्रीसुद्धा नळाखालून हलत नव्हती. तेव्हा मुलींच्या एका शाळेत गणिताच्या सत्यवतीबाई रोज भर दुपारी चपला दाराबाहेर काढून कम्प्युटरच्या खोलीत शिरत. सरकारी योजनेतून आलेला एकुलता एक कम्प्युटर, त्यावर हेडबाई कुसुमताईंनी स्वतः विणलेलं झाकण. शिपाई कवडू कुलूप उघडून द्यायचा आणि ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन व्हरांड्यात बसायचा.

"सुट्टीत काय करून राहिल्या बाई?"

"टाइमटेबल करून राहिली, कवडूभाऊ."

"इतलं महाग मशीन, अन टाइमटेबल!"

कवडूनं असं म्हणावं म्हणजे कमालच. दर जूनमध्ये कुसुमताई टाइमटेबलासाठी स्टाफरूमच्या फरशीवर रंगीत पुठ्ठ्याचे तुकडे मांडत, ते उडू नयेत म्हणून पंखा बंद करायचं काम त्याचंच. पंधरा दिवस घामाच्या धारा, आणि शाळा उघडली की पहिल्याच दिवशी एक बाई एकाच तासाला दोन वर्गांत!

अठ्ठावीस मेला पावणेतीन वाजता सत्यवतीबाईंनी बटण दाबलं. मशीन अकरा मिनिटं गप्प. मग पडद्यावर ओळी पडू लागल्या. अठरा वर्ग, सव्वीस बाया, एकही टक्कर नाही! बाई अनवाणीच बाहेर धावल्या, तापल्या फरशीवर तळपाय भाजले, तरी नाचतच राहिल्या.

"जमलं, कवडूभाऊ! जमलं नं बाप्पा!"

"अवं बाई, चपला तं घाला!"

बातमी ऐकून आठ दिवसांत सीताबर्डीचा ओमप्रकाश शाळेत हजर. त्याचं कम्प्युटरचं दुकान. सरळ मुद्द्यावर आला.

"मॅडम, हा प्रोग्राम मला द्या. आपला इंजिनियर त्याला कुलूप घालेल, म्हणजे कोणाला कॉपी मारता येणार नाही, आतलं काही वाचता येणार नाही. एक एक शाळेला दोन हजार. और आपके घर एक नया कम्प्युटर, मेरी तरफ से. बस, फुकट कोणाला द्यायचा नाही."

घरी कम्प्युटर! शाळा सुरू झाली की मशीन बाईंना फक्त शनिवारी मिळायचं, तेही साठ पोरींच्या गर्दीत. डोक्यात तर रिझल्टचा, पोरींच्या वजन-उंचीच्या नोंदीचा, कशाकशाचा प्रोग्राम उसळत होता. स्वतःचं घ्यायचं तर दोन वर्षांचा पगार. बाईंनी घरी जाऊन कम्प्युटरला जागा म्हणून कोपऱ्यातली शिलाई मशीन आधी हलवली, मगच पाणी प्यायल्या. फ्लॉपी ओमप्रकाशकडे गेली. कराराच्या कागदावर सही तेवढी बाकी होती.

दोनच दिवसांनी कळमेश्वरचे गिरिधर गुरुजी आले. त्यांच्याही शाळेत तसलाच कम्प्युटर होता. वाकू नये म्हणून कोरी फ्लॉपी त्यांनी चपट्या डब्यात घालून आणली होती.

"बाई, तुमचं टाइमटेबल द्या नं."

"नाई देता येत गुरुजी. विकायचं आहे."

"मंग विका. उन्हाळाभर तुम्ही भाजल्या, पैसे घेतले तं कोन काय म्हनते?" गुरुजींनी डबा बंद केला. "आमी पुठ्ठे कापू."

ते फाटकापर्यंत गेले आणि बाईंना राहवलं नाही. आजच सकाळी शेजारच्या शोभाताईला दही लावायला चमचाभर इरजण दिलं होतं, तेव्हा मनात हिशेब आला नव्हता. आपलं दही तर भांड्यात तेवढंच राहिलं. पण इरजण काढायला उन्हाळाभर भाजावं लागत नाही, हेही खरंच होतं.

"गुरुजी, थांबा. एकच कॉपी. कोनाले सांगू नका."

पुढच्या रविवारी ओमप्रकाशच्या दुकानात दहा हेडमास्तर जमले. कोपऱ्यात नव्या कम्प्युटरचं खोकं, त्यावर रंगानं लिहिलेलं: सत्यवती मॅडम. बाईंची नजर तिथून हटेना. कुलूपबंद फ्लॉपी फिरली, टाइमटेबल आलं, वाहवा झाली. तेवढ्यात काटोलकडचे रुपराव हेडमास्तर उठले.

"आमचे आठ मास्तर नागपूरहून एसटीनं अपडाऊन करतेत. शाळा अकराले, बस येते पावनेबाराले. पह्यला तास त्यायले देऊ नको, हे याले सांगता येते का?"

त्यांच्या शाळेतल्या सगळ्या बाया महाल-धंतोलीच्या, सायकलवर दहा मिनिटांत पोचणाऱ्या. अपडाऊन करणारा मास्तर त्यांच्या प्रोग्रामात नव्हताच!

"आत्ता घालते मी," बाई म्हणाल्या.

ओमप्रकाश कानकोंडा झाला. "मॅडम, कुलूप इंजिनियरच खोलेल. वो तो शादी में गया है."

म्हणजे आपलाच प्रोग्राम आपल्यालाच उघडेना? बाईंचं डोकं तापलं. मागच्या बाकावरून, आपल्या हेडमास्तरांबरोबर आलेले गिरिधर गुरुजी उठले, चपटा डबा हातात.

"बाई, रागावू नका. तुमच्या कॉपीत मी सहा ओळी घातल्या. आमचेही मास्तर अपडाऊनवालेच आहेत."

गुरुजींची फ्लॉपी चढली, रुपरावांनी सांगितलेले वर्ग आणि मास्तर बाईंनी भरले. चौदा मिनिटं दहा हेडमास्तर घड्याळ बघत. आणि आलं! रुपरावांचा एकही बसवाला मास्तर पहिल्या तासाला नाही! लोक उठून पडद्याभोवती गोळा झाले. बाईंना त्यांचं भानच नव्हतं. त्या गुरुजींच्या सहा ओळी वाचत होत्या.

"गुरुजी, ही चौथी कशी सुचली हो तुमाले? माह्या डोक्यात आलीच नसती!"

मग त्या ओमप्रकाशकडे वळल्या. "कुलूप नाई लावाचं."

"फुकट दोगी तो खाओगी क्या, मॅडम?"

"फ्लॉपी आना, कॉपी घेऊन जा," बाई हेडमास्तरांना म्हणाल्या. "इरजणाचे पैसे मी घेत नाई. पन तुमच्या शाळेत येऊन माह्या हातानं दही लावून पाहिजे असंन, तं एसटीचं भाडं अन दिवसाचे पन्नास रुपये."

"उद्या येता का?" रुपराव म्हणाले. पाच हात आणखी वर झाले.

ओमप्रकाशनं एकदा त्या हातांकडे पाहिलं, मग ओला फडका घेऊन खोक्यावरचं नाव पुसायला लागला. रंग पक्का होता, निघता निघेना. बाईंनी ते पाहिलं. पण गुरुजी विचारत होते, "बाई, दोन पाळ्यायची शाळा असंन तं?" आणि उत्तर डोक्यात आधीच धावत सुटलं होतं.

घरचा कम्प्युटर चार वर्षांनी आला, जुना, ओमप्रकाशकडूनच, रुपयाही कमी न करता. त्या रविवारी मात्र बाईंनी शिलाई मशीन परत कोपऱ्यात सरकवली, तिच्यावर वही ठेवली आणि उभ्याउभ्याच दोन पाळ्यांची पहिली ओळ लिहिली.