योहानच्या चपला

शुक्रवार, १८ एप्रिल २०२५. गुड फ्रायडे. ऊन फार. नळाला पाणी उशिरा आलं.

दुपारी मी आणि शेजारची सुवार्ता सातपुते चर्चमधून परतलो, तर तिच्या दारात कागलचा बाळासो दूध घेऊन उभा होता, नेहमीसारखा अनवाणी. त्याने अंधारात दिव्याशिवाय उभ्या केलेल्या उसाच्या ट्रॉलीवर आदळून सुवार्ताचा मुलगा योहान गेला. तेव्हापासून बाळासोने चपला सोडल्या आहेत.

“पाय भाजत्यात की रं,” सुवार्ता म्हणाली.

“भाजू देत, मावशी. प्रायश्चित्त हाय माझं.”

“तुझं? आमच्यात ते एकानं सगळ्यांसाठी क्रूसावर केलंय. तू वरनं भर घालाय लागलास, म्हंजे त्याचं कमी पडलं म्हणतोस व्हय?”

“मग मी काय करू?”

“दिल्यालं घ्यायचं.”

ती आत गेली आणि योहानच्या चपला घेऊन आली. त्या ती मला पुसूही देत नसे. वाकून तिने त्या बाळासोच्या पायांपुढे ठेवल्या.

“माप बसायचं न्हाय, मावशी.”

“घालून तर बघ.”

त्याने घातल्या. टाच जराशी बाहेर राहिली. तो डोळे पुसत जिना उतरला. चपलांचा आवाज थांबेपर्यंत सुवार्ता चौकट धरून उभी होती. इतकी वर्षं मी तिला ओळखते, पण एवढी मोठी ती मला आजच दिसली.

संध्याकाळी सुवार्ताने उपास माझ्याकडे सोडला. मुगाची खिचडी केली, मीठ जरा जास्त पडलं.