देवाची फुटलेली भांडी आणि आमचे मामा

जग निर्माण करताना देवाच्या हातून भांडी फुटली, अशी एक कथा ज्यू लोकांच्या गूढविद्येत शेकडो वर्षं सांगितली जाते. जगभरच्या विद्वानांनी ती वाचली, तिच्यावर जाडजूड ग्रंथ लिहिले आणि हात धुऊन जेवायला गेले. ती मनाला लावून घेणारा माणूस आजवर एकच झाला. तो राजारामपुरीत भांड्यांचं दुकान चालवतो आणि तो माझ्या बायकोचा सख्खा मामा आहे. बाकीच्यांना ही मौज वाटते, कारण त्यांना त्याच्याबरोबर हिंडावं लागत नाही.

नाव नसलेलं भांडं आपलं नव्हे, अशी आपल्याकडे श्रद्धा आहे. लग्नातल्या तांब्यावर देणाऱ्याचं नाव हवं, बारशाच्या वाटीवर आत्याचं हवं, आणि शेजारी विरजणाला गेलेली वाटी परत यायची असेल तर तिच्यावर पत्तासुद्धा असलेला बरा. या श्रद्धेवर मामांचं घर दोन पिढ्या उभं आहे. त्यांचे वडील छिन्नी-हातोडीने टिंबं ठोकून नावं घालत, मामा मशीनवर घालतात. गिऱ्हाइकाने नाव कागदावर लिहून दिलं तरी मामा ते मोठ्याने वाचतात, त्या माणसाची चौकशी करतात आणि पटलं नाही तर सल्ला देतात. एकाने मेहुण्याच्या वास्तुशांतीसाठी एका चमच्यावर ‘श्री व सौ., मुलंबाळं व समस्त परिवार यांजकडून सप्रेम भेट’ इतकं घालायला सांगितलं. मामा म्हणाले, “पावणं, मन एवढं मोठं हाय तर पातेलं तरी घ्या की!” त्याने मुकाट्याने पातेलं घेतलं.

अशा या माणसाच्या हातून अकरा वर्षांपूर्वी एक अपराध घडला. त्यांची आई, म्हणजे माझ्या बायकोची आजी आक्काताई, जाताना सांगून गेली की माझं तांब्याचं घंगाळ शकूला द्या. शकू म्हणजे मामांची धाकटी बहीण, माझ्या सासूबाई, राहणार पेठ वडगाव. त्या घंगाळाच्या काठावर आजोबांनी स्वतःच्या हाताने आक्काताईंचं नाव ठोकलेलं होतं. लखलखीत करून द्यावं म्हणून मामांनी ते दुकानात आणलं. दिवाळीचे दिवस, जुनी भांडी मोडीत देऊन नवी नेणाऱ्यांची झुंबड. जुनं तांबं दिसलं की मामांचा हात ते उचलतो आणि मागच्या ढिगावर टाकतो, चाळीस वर्षांची सवय आहे ती. ढीग संध्याकाळी भट्टीकडे गेला. सासूबाई एवढंच म्हणाल्या, “दादा, आईला मोडीत घातलास,” आणि त्या दिवसापासून भावाशी बोलणं बंद. भाऊबीज बंद, राखी बंद. लग्नकार्यात दोघं पाठीला पाठ लावून जेवायचे आणि निरोप माझ्यामार्फत जायचे. मी जन्मभर पोस्टात नोकरी केली, पण एकाच पंगतीत ‘मठ्ठा इकडं सरकवा’ हा निरोप पोचवायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

मग एक दिवस तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेले एक प्राध्यापक पेल्यांवर नाव घालून घ्यायला आले. मशीन चालू असताना ते सहज बोलून गेले की ज्यूंच्या कब्बाला नावाच्या गूढविद्येत अशी एक कथा आहे, देवाने आपला प्रकाश भांड्यांत ओतला आणि ती फुटली. मामांनी मशीन बंद केलं.

“कुठल्या धातूची हुती?”

“तसं काही लिहिलेलं नाही.”

“आणि देवाच्या सोताच्या हातनं फुटली?”

“हो, तसंच म्हणायचं.”

“मग पुढं काय केलं त्येनं?”

प्राध्यापक म्हणाले, ती फार मोठी गोष्ट आहे, दोन-अडीच हजार वर्षांची. मामा म्हणाले, “असू दे की. बसा. च्या सांगतो.”

तेव्हापासून दर रविवारी सकाळी दुकानात कब्बालाचा इतिहास सुरू झाला. प्राध्यापक बिचारे थेट फुटलेल्या भांड्यांवर यायला तयार होते, पण मामांनी हट्ट धरला की पहिल्यापासून सांगा. मला वाटतं, त्यांना आतून भीती होती. फुटलेल्याला इलाज नाही असं निघालं तर काय करायचं? म्हणून जितकं लांबेल तितकं त्यांना हवंच होतं.

सुरुवात रथापासून झाली. आपल्या मुलखातून हाकलून दिलेल्या एका संदेष्ट्याला नदीकाठी आकाशात देवाचा रथ दिसला. चाकांत चाकं आणि त्यांना डोळेच डोळे. पुढे कैक पिढ्यांनी काही साधकांना वाटलं की आपणही तिथवर जावं. वाटेत सात महाल, प्रत्येक दारावर उग्र राखणदार, प्रत्येकाला दाखवायचा शिक्का वेगळा, आणि चुकलं की कपाळमोक्ष. मामांना यात गूढ काहीच वाटलं नाही. त्याच सुमाराला वारसाच्या नोंदीसाठी ते एका कचेरीत खेटे घालत होते. चौथ्या टेबलावरच्या साहेबांना त्यांनी हात जोडून सांगितलं, “साहेब, तुम्ही चौथ्या महालाचं राखणदार. तुमचा शिक्का कुठला तेवढं सांगा, म्हंजे मी पुढं सरकतो.” साहेब मान वर न करता म्हणाले, “पावणं, तुमचा पहिल्याच टेबलावरचा शिक्का ऱ्हायलाय.” मामा आनंदाने माझ्याकडे वळले, “बघा जावईबापू! हितंच चुकत्यात लोकं.”

मग अक्षरं आली. देवाने बावीस अक्षरं कोरली, तोलली, इकडची तिकडे केली आणि त्यांतून जग झालं, असं त्या विद्येत सांगतात. ‘कोरली’ म्हटल्याबरोबर मामा उठून उभे राहिले. “म्हंजे धंदा आपलाच की!” दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक अक्षराआधी हात धुणं सुरू झालं. नुसता ‘श्री’ घालायला पाऊण तास लागू लागला. त्यात त्यांना कळलं की ही विद्या चाळिशीच्या आत कुणाला सांगू नये असा जुना दंडक आहे, वय पक्कं हवं आणि पोट भरलेलं हवं. कॉलेजची एक मुलगी पाण्याच्या बाटलीवर नाव घालायला आली, तर मामांनी आधी वय विचारलं. ती म्हणाली, एकोणीस. “मग नुस्तं नाव घिऊन जा बाळ,” मामा म्हणाले, “बाकीचं एकवीस वर्सांनी ये.”

पुढे गोष्ट स्पेनला पोचली. देवाचे दहा गुण आणि त्यांचं झाड, मुळं वर आणि फांद्या खाली. मामांनी दुकानाच्या भिंतीवर दहा ताटं त्या झाडासारखी टांगली. एका बाईंना डाव्या-उजव्या बाजूंतलं नेमकं एकच ताट आवडलं. मामा देईनात. “ताई, त्ये दयेचं ताट हाय. त्ये काढलं तर समोरचा न्याय तेवढा ऱ्हातोय. मग गावात कोण वाचंल काय?” बाई दुसऱ्या दुकानात गेल्या. स्पेनचीच आणखी एक हकिकत मामींना फार आवडली. तिथल्या एका पंडिताने सांगितलं की माझ्याकडे प्राचीन ऋषींची पोथी आहे, मी फक्त नकला करून देतो. तो वारल्यावर म्हणे बायकोने सांगून टाकलं की घरात पोथीबिथी काही नव्हती, हे स्वतःच्याच डोक्यातून लिहीत होते. “बायकूला सगळं म्हाईत असतंय,” मामी म्हणाल्या आणि मामांकडे असं बघितलं की मामांनी ताटं पुसायला घेतली.

शेवटी ज्यू लोकांना स्पेनमधून हाकललं आणि फिरत फिरत त्यांतले काही आपल्या मूळ मुलखात, गालिलीच्या डोंगरातल्या एका गावात येऊन राहिले. तिथे एक गुरू झाला. दोन-तीनच वर्षं शिकवलं, लिहून जवळजवळ काही ठेवलं नाही. त्याने सांगितलं की आधी सगळीकडे देवच होता, मग जगाला जागा कुठली? म्हणून देव आकसला, बाजूला सरला. हे ऐकून मामा आठवडाभर आकसून बसले. भांड्यांच्या उतरंडीमागे असे शिरले की गिऱ्हाइकं ‘दुकानात कोण न्हाय वाटतं’ म्हणून परत जायला लागली. मामी म्हणाल्या, “तुमी आकसायची गरज न्हाय, त्यो माळ्यावरचा पसारा आकसा आधी.”

आणि मग तो रविवार आला. प्राध्यापकांनी सांगितलं की भांड्यांना तो प्रकाश पेलवला नाही, ती फुटली, आणि ठिणग्या साऱ्या जगात विखुरल्या, दगडात, धुळीत, माणसांच्या हातातल्या वस्तूंत. मामांनी विचारलं, “मग? इलाज?” प्राध्यापक म्हणाले, “माणसाने एकेक ठिणगी शोधायची आणि जागच्या जागी पोचवायची. देवाला एकट्याला ते जमत नाही, असंच त्यांचं म्हणणं.” मामांनी डोळे पुसले, आणि ते मला म्हणाले, “जावईबापू, गाडीत पेट्रोल हाय न्हवं?”

माझे हाल इथून सुरू झाले. मामांनी ठरवलं की मोडीत आलेलं नावाचं भांडं म्हणजे ठिणगी. ते भट्टीत जाणार नाही, नाव असेल त्याच्या घरी परत जाणार. अहो, लोकांनी अडगळ नको म्हणून दिलेली भांडी ती! आम्ही ती शोधत शोधत त्यांच्याच दारात नेऊन उभे राहू लागलो. एका घरी सुनेने सासूचं पातेलं गुपचूप मोडीत घालून नवा कुकर नेला होता. आम्ही पातेलं घेऊन गेलो आणि दार नेमकं सासूने उघडलं. पुढचं मी सांगत नाही, पण त्या गल्लीतून मी अजून स्कूटर नेत नाही. एकाने तर हात जोडले, “मामा, ह्यो डबा तिसऱ्यांदा आला. आता त्येला तुमचंच आडनाव लावा.” मामा अशा वेळी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणत, “ठिणगी हाय, चटका बसणारच.”

एका घासलेल्या परातीवरचं नाव आम्हाला हातकणंगल्याला घेऊन गेलं. परात एका निवृत्त शिक्षिकेच्या चुलतीची निघाली. बाई मोठ्या अगत्याच्या. बैठकीत बुद्धाची शांत मूर्ती, तिच्यापुढे ताजी फुलं. परत आलेली परात बघून त्या पोट धरून हसल्या आणि म्हणाल्या, “बसा, लांबनं आलाय, पाणी तरी घ्या.” पाणी पितळी तांब्यातून आलं. मामांनी तांब्या उचलला आणि त्यांचा हात तसाच हवेत राहिला. तांब्याच्या गळ्याखाली टिंबाटिंबांनी ठोकलं होतं, ‘सौ. आक्काताई यांजकडून’. अक्षर आजोबांचं.

बाईंनी सांगितलं, “माझी आई तुमच्या दुकानात भांडी घासायला होती. तिच्या लग्नाला आक्काताई रेल्वेनं आल्त्या. त्या काळी आमच्या दारात कोण पाणी पीत नव्हतं बघा. त्या पंगतीत बसून जेवल्या, आणि ह्याच तांब्यानं पाणी प्याल्या.” मामांनी तांब्या मागितला. बाई सरळ म्हणाल्या, “न्हाय देणार. आईचा हाय.” मामा म्हणाले, “बरोबर हाय. देऊ नका.” एवढं म्हणून ते ढसाढसा रडले. मलाही आवरेना.

तिथून मामा वडगावच्या वडापमध्ये, त्या खचाखच भरलेल्या जीपमध्ये, जाऊन बसले, कारण परत येताना तिघं स्कूटरवर मावणार नाहीत असा त्यांचा हिशोब. म्हणजे शकू येणारच, हे त्यांनी धरून टाकलं होतं. मी मागून स्कूटर घेऊन पोचलो तेव्हा ते सासूबाईंच्या उंबऱ्याबाहेर उभे होते, हात रिकामे.

“शकू, आईचं नाव सापडलंय. हातकणंगल्यात. तिनं लग्नालग्नांत वाटून ठेवलंय गं. मी एक घालवलं, तेवढंच नव्हतं. चल.”

सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि आत निघून गेल्या. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मी मनात म्हटलं, झालं, बसा आता आणखी अकरा वर्षं. तेवढ्यात त्या चप्पल घालून बाहेर आल्या. हातात पिशवी होती. मामांकडे न बघता मला म्हणाल्या, “जावईबापू, वडाप मिळंल न्हवं आता?”

हातकणंगल्याच्या त्या घरी सासूबाईंनी तांब्या दोन्ही हातांत घेतला आणि अक्षरांवरून बोट फिरवलं. मग त्या बाईंना विचारलं, “परसात बसू काय जरा?” पिशवीतून चिंचेचा गोळा काढला, पदर खोचला आणि नळापाशी बसून तांब्या घासायला लागल्या. मामा शेजारी शाळकरी पोरासारखे उभे. घासता घासता सासूबाईंचे डोळे गळत होते. पितळ उजळलं तशा त्या मान वर न करता ओरडल्या, “बघत काय उभा ऱ्हायलास दादा? पाणी वत की!”

मामांनी पाणी ओतलं. इतकं ओतलं की परसात चिखल झाला.

आता दोघं महिन्यातून दोनदा निघतात, माझ्या स्कूटरला सुट्टी आहे. आक्काताईंनी आयुष्यात किती लग्नांना भांडी दिली, कुणालाच ठाऊक नाही. कुठल्यातरी गावी, कुणाच्यातरी स्वयंपाकघरात ही दोघं चहा पितात, भांडं घासून देतात आणि तिथेच ठेवून येतात. प्राध्यापक अधूनमधून म्हणतात, मामा, अजून पुढचा भाग राहिलाय, नाचत-गात देवापर्यंत जाणाऱ्या लोकांचा. मामा म्हणतात, सवडीनं ऐकू. दोघांचीही सत्तरी उलटलीय, सासूबाईंचे गुडघे आता वडापच्या पायरीला कुरकुरतात. त्या गुरूने सांगितलं होतं म्हणे, सगळ्या ठिणग्या जागेवर पोचल्या की काम संपलं. मी कधी देवाकडे फारसं काही मागितलेलं नाही, पण आक्काताईंचं एखादं तरी भांडं त्याने या दोघांपासून कायमचं लपवून ठेवावं.