हिरवा दिवा लागला तरच

दुकानात दोन गोष्टी साचतात. एक न खपलेला माल, दुसरे किस्से. माल निदान सेलमध्ये तरी काढता येतो. किस्से मात्र कुणी ऑर्डर न देता येतात आणि फळीवर जागा धरून बसतात. त्यातून आमचं दुकान कटलरीचं. बांगड्या, टिकल्या, पिना, पावडर, नेलपॉलिश. महाद्वार रोडच्या एका बोळात. बायका इथं काउंटरला टेकून जे बोलतात, ते माहेरीसुद्धा बोलत नसतील! आणि पुढं एका मशीननं तर मला एवढे किस्से दिले, की ते ठेवायला दुसरा गाळा घ्यावा लागेल.

आधी माझं सांगतो. मी नववीत शाळा सोडली आणि हातगाडीवर टिकल्या विकायला उभा राहिलो. इंग्रजी शिकलो ते पावडरच्या डब्यांवरून. त्यामुळं मला 'फ्रॅग्रन्स'चं स्पेलिंग न अडखळता येतं, पण 'वेन्सडे' आला की मी मराठीत बुधवार लिहितो.

*

नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमाराची गोष्ट. तेव्हा केस काढायचं क्रीम कुणी नाव घेऊन मागत नसे. बाई यायची, दहा मिनिटं पिना बघायची, दुकान रिकामं झालं की हळूच म्हणायची, "ते द्या." मीही 'ते' पेपरात गुंडाळून द्यायचो. 'ते' म्हणजे काय, हे दोघांनाही ठाऊक.

एकदा वारणानगरकडचे एक गृहस्थ आले. दुकान बायकांनी गच्च भरलेलं. खणखणीत आवाजात म्हणाले, "पावणं, बायकोनं 'ते' आणाय सांगितलंय. 'ते' म्हंजे काय वो?"

सगळ्या बायका एकदम पिना बघायला लागल्या! मी खाली मान घालून 'ते' गुंडाळलं आणि म्हटलं, "घेऊन जावा. घरात गेल्यावर कळंल."

आठवड्यानं गृहस्थ परत हजर. या वेळी आवाज बारीक. इकडंतिकडं बघितलं, पुढं वाकले आणि म्हणाले, "पावणं, आणखी एक 'ते' द्या. पैलं मीच संपवलं."

*

मशीन आलं ते दोन हजार सातच्या आसपास. मुंबईच्या एका व्यापाऱ्यानं ते माझ्या गळ्यात मारलं. दिसायला केस वाळवायच्या ड्रायरसारखं. कातडीला टेकवून बटण दाबलं की लखकन उजेड पडतो, तो केसाच्या मुळाला चटका देतो, आणि पंधरा-पंधरा दिवसांनी असं सात-आठ वेळा केलं की केस विरळ होतात. किंमत एवढी, की विकत कोण घेणार? मी ठरवलं, आठवड्याच्या भाड्यानं द्यायचं. बायकांनी घरी न्यावं, दार लावून वापरावं, परत आणून द्यावं.

पण गिऱ्हाइकाला देण्याआधी स्वतः वापरून बघायचं, हा माझा नियम. घरी गेलो, पँट वर केली आणि पोटरीवर लावलं. हिरवा दिवा लागला. दाबलं बटण. लख्ख! पुन्हा लख्ख! चार-पाच वेळा झाल्यावर वास सुटला.

स्वयंपाकघरातून आमच्या सौभाग्यवती ओरडल्या, "आज गुरुवार हाय! कोंबडं कुणी भाजाय घेतलंय?"

माहितीपुस्तकाचं दुसरं पान मी त्यानंतर वाचलं. आधी दाढी करतात तसे केस काढून घ्यायचे आणि मगच उजेड मारायचा, असं तिथं ठळक छापलेलं होतं.

*

बायकांना हे सगळं समजावून सांगायला मी कसा पुढं होणार? ते काम सुजाताचं. सुजाता माझ्या काउंटरवर सहा वर्षं होती. बी.ए. झालेली, आवाज असा, की बोळाच्या तोंडाशी उभं राहून ऐकावा. दुपारी मंदीच्या वेळी ती पेपरातला अग्रलेख मोठ्यानं वाचायची आणि शेजारचा भांडीवाला आपलं ठोकणं थांबवायचा!

तिनं मुरगूडच्या एका वहिनींना नियम सांगायला सुरुवात केली. "वहिनी, आधी ब्लेडनं हात साफ करायचे. मग मशीन लावायचं. पंधरा दिवसांनी पुन्हा आधी ब्लेड, मग मशीन."

वहिनींनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग मशीनकडं बोट दाखवून म्हणाल्या, "म्हंजे काम मी करायचं, आणि ह्यानं निसती बॅटरी धरायची व्हय?"

*

आता त्या दिव्याचं सांगतो, कारण सगळी गंमत आणि सगळं दुःख त्या दिव्यातच होतं.

मशीन आधी कातडीचा रंग तपासायचं. उजळ असेल तर हिरवा दिवा. सावळा असेल तर लाल, आणि लाल लागला की बटण कितीही दाबा, उजेड पडायचा नाही. काळी कातडी उजेड स्वतःच पिते, मग भाजते, म्हणून ही सोय. पुस्तकात सगळं लिहिलेलं होतं. पण कातडीचा रंग म्हणजे आपल्याकडं किती नाजूक मामला, ते परदेशातल्या इंजिनिअरला काय माहीत!

मशीन दुकानात आलं त्या दिवशी सगळ्यात आधी सुजातानं विचारलं, "काका, हनुवटीवर चालतंय काय?"

तिच्या हनुवटीवर आणि ओठावर केस यायचे. हार्मोनचा त्रास. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या होत्या. ती रोज सकाळी चिमट्यानं उपटायची आणि दुकानात दिवसभर एक हात हनुवटीवर ठेवून बोलायची. शाळेत वक्तृत्वाचे कप आणणारी पोरगी. पंधराव्या वर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीला त्यांच्या वसाहतीत स्टेजवर उभी राहिली, आणि भाषण रंगात आलेलं असताना गर्दीतून कुणीतरी काहीतरी ओरडलं. काय ओरडलं, ते तिनं मला कधी सांगितलं नाही. ती अर्ध्यातून खाली उतरली. त्यानंतर दर वर्षी मंडळ विचारायचं आणि दर वर्षी ही नाही म्हणायची.

"जयंतीला सात महिने हायत काका," ती म्हणाली. "सात महिन्यांत हे गेलं, तर ह्या वर्षी मी बोलणार."

तिनं मशीन हनुवटीला लावलं.

लाल.

गालाला लावलं. लाल. मी मशीन बंद करून चालू केलं. लाल.

सुजातानं मशीन डब्यात ठेवलं, वायर नीट गुंडाळली आणि म्हणाली, "ह्याला बी गोरीच पायजे."

आणि दुसऱ्या दिवसापासून तीच पोरगी आलेल्या प्रत्येक बाईला तेच मशीन हसतमुखानं समजावून सांगू लागली. मला काउंटरमागं बसवत नसे.

*

मशीनबरोबर एक कार्ड आलं होतं. त्यावर कातडीचे सहा रंग छापलेले, दुधापासून कोऱ्या चहापर्यंत. शेवटच्या दोन रंगांवर फुली. आपला रंग आपण ओळखायचा.

राजारामपुरीतल्या एक बाई लेकीला घेऊन आल्या. लेकीचं लग्न ठरवायचं चाललेलं. बाईंनी कार्डावरच्या दुसऱ्या रंगावर बोट ठेवलं. "आमची निमगोरी आहे."

मी लेकीकडं बघितलं. लेक छताच्या पंख्याकडं बघत होती.

सुजातानं तिच्या हाताला मशीन लावलं. लाल. बाई म्हणाल्या, "काच पुसून लावा." पुसून लावलं. लाल. बाई म्हणाल्या, "उन्हातून आलोय आत्ता, जरा थांबून लावा." सरबत मागवलं, पंख्याखाली बसवलं, दहा मिनिटांनी लावलं. लाल!

शेवटी लेकीलाच हसू फुटलं. "आई, चल आता. मशीननं माझा बायोडेटा वाचलेला नाही!"

*

कागलच्या बाजूचं एक म्हातारं जोडपं आलं. आजोबा स्टुलावर चहा पीत बसले. आजींच्या हनुवटीला चार लांब पांढरे केस होते, ते घालवायचे होते. कुणीतरी बसमध्ये मशीनबद्दल सांगितलेलं.

सुजाता म्हणाली, "आजी, पांढऱ्या केसावर हे चालत न्हाय. त्याला पांढरं दिसतच न्हाय."

"अगं बया," आजी म्हणाल्या, "म्हंजे ह्याला बी मोतीबिंदू!"

मग आजींनी पदर सारून हात पुढं केला. मनगटाच्या वर हिरवं गोंदण, आजोबांचं नाव. "बरं, मग हे तरी जातंय का बघ की."

आजोबांचा चहाचा कप हवेतच राहिला.

"न्हाय आजी," सुजाता म्हणाली, "गोंदणावर मारायचं नसतंय. भाजतंय."

आजींनी सावकाश पदर घेतला, वळल्या आणि आजोबांना म्हणाल्या, "वाचलासा!"

*

शिवाजी पेठेतल्या एका वहिनींनी मशीन घरी नेलं. त्या वेळी लोडशेडिंग जोरात. लाईट यायची संध्याकाळी साडेसहाला, म्हणून वहिनी रोज साडेसहाला खिडकीजवळ बसून आज एक हात, उद्या एक पाय, असं करत. खिडकीला पडदा होता, पण झिरझिरीत.

समोरच्या खोलीत एस.टी.तून रिटायर झालेले एक कंडक्टर एकटेच राहायचे. तीन दिवस त्यांनी समोरून लख्ख लख्ख बघितलं. चौथ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट, टोपी घालून वहिनींच्या दारात!

"वहिनी, तीन दिस झालं तुम्ही माझं फोटो काढताय. माझी काय हरकत न्हाय. पण काल मी बनियनवर भाकरी थापत होतो, तेवढा एक फाडून टाका!"

*

इकडं सुजाताचं माझ्या डोक्यातून जात नव्हतं. आयुष्यभर धंदा केलाय. प्रत्येक कुलपाला कुठलीतरी किल्ली बसते, असं माझं मत. जानेवारीत एका दुपारी मला युक्ती सुचली. मशीनला उजळच पाहिजे ना? मग दुकानात पावडरीची काय कमी!

मी स्कूटरवर फिरणारा माणूस, माझे हात उन्हानं रापून काळे झालेले. एका हातावर ब्लेड फिरवलं, वर पांढरी फेस पावडर चांगली दोन थर चोपडली आणि मशीन लावलं.

हिरवा!

"सुजाता!" मी ओरडलो. "ये इकडं! फसलं बघ मशीन!" आणि बटण दाबलं.

पुढं काय झालं ते सांगत नाही. एवढंच सांगतो, की समोरच्या रसवंतीवाल्यानं बर्फ आणून दिला. रुपयाएवढा फोड आला. डाग अजून आहे.

सुजातानं फोडाला मलम लावलं. मग म्हणाली, "काका, मशीन खरं बोलत होतं. खोटं बोलली ती पावडर. आणि ती रोज मीच खपवतो."

कोल्हापूरच्या बायका 'खपवते' न म्हणता 'खपवतो'च म्हणतात. पण त्या दिवशी तो शब्द मला जड लागला. दुसऱ्या दिवशी 'सात दिवसांत गोरेपणा'वाला बोर्ड मी दारावरून काढला. सौभाग्यवती म्हणाल्या, "आता धंदा कसा व्हायचा?" मी म्हटलं, "टिकल्या हायत की!"

*

फेब्रुवारीत सुजाताच्या हनुवटीवर पुरळ उठलं, रोज उपटून उपटून. डॉक्टरीणबाईंनी दम दिला, "चार महिने चिमटा लावायचा नाही. ब्लेड नाही, दोरा नाही. कातडीला आराम पाहिजे." चार महिने म्हणजे जून. जयंती एप्रिलमध्ये.

मी म्हटलं, "पुढच्या वर्षी बोल की."

"बघू," ती म्हणाली.

एप्रिलात तिची आई दुकानात आली. कागलच्या एमआयडीसीत कॅन्टीनला भाकऱ्या करणारी बाई. म्हणाली, "भाऊ, तुम्ही या जयंतीला. तिनं नाव दिलंय. मला सांगितलं न्हाय, मला मंडळाकडनं कळलं."

गेलो. ऊन कलतं होतं. वसाहतीच्या चौकात मांडव, निळे झेंडे, पुढं बायका, मागं उभी राहिलेली गर्दी. मला तिच्या आईच्या शेजारी खुर्ची दिली. आई हातातल्या पिशवीचे बंद पिळत होती. "ह्या खेपेला बी अर्ध्यातनं उतरली, तर परत कधी चढायची न्हाय ती," एवढंच म्हणाली.

सुजाता पांढरी साडी नेसून आली. एका हातात माइक, दुसऱ्या हातात कागद. उजेड सरळ तोंडावर. पंधरा वर्षांची असताना लोकांनी जे बघितलं, त्यापेक्षा आता जास्तच दिसत होतं. ती "जय भीम" म्हणाली. चौकातून "जय भीम" परत आलं. ती पहिलं वाक्य बोलली, दुसरं बोलली, आणि तो आवाज मांडवाच्या टोकापर्यंत गेला. समोरच्या बायकांच्या माना हलायला लागल्या.

तेवढ्यात मागून एक पोरगा ओरडला, "ओ ताई! मिशा फुटल्या की!"

दोन-तीन जण फिदीफिदी हसले. आई ताडकन उठून उभी राहिली. मीही उठलो.

सुजाता थांबली. हातातला कागद खाली घेतला, टाचा उंचावून गर्दीत त्या पोराला शोधलं, त्याच्या कोवळ्या गुळगुळीत तोंडाकडं नीट बघितलं, आणि माइक जवळ घेऊन म्हणाली,

"व्हय, मला फुटल्या. तुला अजून फुटायच्यात. तवर बस खाली, आणि ऐक!"